बारसे सरकारने करू नये

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी आपल्या विभागाच्या प्रधान सचिवांना एक पत्र लिहिले. पती निधन पावलेल्या स्त्रियांचा शासकीय लेखनातील उल्लेख ‘विधवा’ असा न होता ‘गंगा भागीरथी’ असा व्हावा आणि याबाबत चर्चा करून प्रस्ताव सादर करावा, असा त्या पत्राचा आशय होता. पंतप्रधानांनी ‘अपंग’ या शब्दाच्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द आणला, त्याचा दाखलाही त्यात होता. पत्र बाहेर येताच महाराष्ट्रात गदारोळ झाला. हा निर्णय नव्हे, चर्चेसाठी मांडलेला केवळ एक विचार आहे, असा खुलासा मंत्रिमहोदयांना करावा लागला, आणि प्रकरण तेथेच मिटले.

आमच्या मते ते इतक्या लवकर मिटायला नको होते. त्या आठवड्यातील सारी चर्चा ‘गंगा भागीरथी’ हा शब्द चांगला की वाईट याभोवती फिरली. तो वाईट ठरला आणि मंडळी आपापल्या कामाला लागली. त्यामागचा मूळ प्रश्न मात्र जागच्या जागीच राहिला. नागरिकाचे नामकरण करण्याचा अधिकार सरकारला दिला कोणी? उद्या याहून गोड, याहून सोज्ज्वळ शब्द एखाद्या विभागाला सुचला, तर तो आपण निमूटपणे स्वीकारणार आहोत काय? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, असा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. नागरिक स्वतःचे जे नाव सांगेल ते त्याने सांगितले तसे, त्याच्या अक्षरांनिशी, बिनचूक लिहून घेणे एवढेच सरकारचे काम आहे. आणि दुर्दैवाची गोष्ट अशी की, बारसे करण्याची हौस असलेली आपली सरकारे हे साधे काम मात्र नीट करीत नाहीत.

प्रथम ‘गंगा भागीरथी’चाच विचार करू. हा शब्द कोणा मंत्र्याच्या प्रतिभेतून निघालेला नाही. जुन्या पत्रांच्या मायन्यात आणि लग्नपत्रिकांत ‘गं. भा.’ ही दोन अक्षरे पिढ्यानपिढ्या छापली जात होती. त्यांचा अर्थ पवित्र होता, यात शंका नाही. परंतु त्यांचे काम काय होते? पत्रिका हातात पडताच त्या बाईचा नवरा हयात नाही, हे वाचणाऱ्याला कळावे, हे त्यांचे काम होते. ‘सौ.’ हा कपाळावरच्या कुंकवाचा छापील अवतार, आणि ‘गं. भा.’ हा पुसलेल्या कुंकवाचा. पुरुषाला मात्र मिसरूड फुटल्यापासून मरेपर्यंत एकच ‘श्री.’ पुरतो. त्याची बायको जिवंत आहे की नाही, हे त्याच्या नावावरून कळण्याची गरज समाजाला कधीही भासली नाही. विधुराला लावण्यासाठी मराठीत उपसर्गच नाही. तेव्हा प्रश्न शब्दाच्या पावित्र्याचा नसून खुणेचा आहे. खूण सोन्याची केली म्हणून ती खूण असल्यावाचून राहत नाही.

त्या पत्राच्या जेमतेम वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने वेगळा मार्ग दाखवला होता. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या प्रथा गावात बंद कराव्यात, असा ठराव त्या गावाने केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे त्याचा आदर्श ठेवला. हेरवाडच्या ठरावाने कोणालाही नवे नाव दिले नाही. त्याने खूण काढून टाकली. एकाच राज्यात वर्षभराच्या अंतराने या दोन गोष्टी घडाव्यात, आणि खूण काढण्याचा मार्ग डोळ्यांसमोर असताना सरकारी लेखणीला खूण रंगवण्याची बुद्धी व्हावी, हे विचार करण्याजोगे आहे.

वरून दिलेल्या गोड नावाचा इतिहास आपल्या भाषेच्या प्रदेशात नवा नाही. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत स्थानिक मंडळांविषयीच्या एका विधेयकात अस्पृश्य वर्गासाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी त्याला विरोध केला. ज्यांना हे नाव द्यायचे त्यांनाच ते नको आहे, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. सभागृहाने बहुमताच्या बळावर ते ऐकले नाही, तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग केला. ‘हरिजन’ या शब्दाचा अर्थ काही वाईट नव्हता; संतपरंपरेतला तो शब्द, आणि देणाऱ्याचा हेतूही सद्भावनेचा. तरीही तो अपमानाचा ठरला, कारण तो मागून घेतलेला नव्हता. पुढे १९८२ साली केंद्र सरकारलाच जातीच्या दाखल्यांवर ‘हरिजन’ हा शब्द लिहू नये, असे राज्यांना कळवावे लागले. बाबासाहेबांचे म्हणणे दप्तरापर्यंत पोहोचायला चव्वेचाळीस वर्षे लागली.

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहा. ‘दलित’ हा शब्द त्या समाजातील कार्यकर्त्यांनी आणि लेखकांनी स्वतः निवडला, साहित्याला दिला, १९७२ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या नावात अभिमानाने मिरवला. जानेवारी २०१८ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने सरकारी व्यवहारात हा शब्द वापरू नये असे म्हटले. मार्चमध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने तशी सूचना काढली, आणि ऑगस्टमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी दूरचित्रवाहिन्यांनाही तोच सल्ला दिला. जातीच्या दाखल्यावर संविधानातील ‘अनुसूचित जाती’ हीच संज्ञा असावी, हे आम्हांला मान्य आहे. दाखला हा कायद्याचा कागद आहे. परंतु सरकारी कागदाचा नियम बातम्यांच्या भाषेला लावण्याचे कारण काय? १९३८ मध्ये लोकांना नको असलेला शब्द सरकारने त्यांच्यावर लादला आणि २०१८ मध्ये लोकांनी निवडलेला शब्द सरकारने आवरता घ्यायला सांगितला. दोन्ही वेळा विचारायचे राहिले ते ज्याचे नाव त्यालाच.

कोणी म्हणेल, सरकारने शब्द घडवूच नयेत काय? अवश्य घडवावेत, परंतु स्वतःच्या वस्तूंसाठी. शिवकालात रघुनाथपंतांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. दरबारातील फारसी संज्ञांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा अनेक भाषांतील राज्यकारभाराच्या संज्ञांचा कोश प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ साली ‘पदनाम कोश’ आला. आचार्य अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून यथेच्छ टर उडवली, तरी त्यातील कितीतरी पदनामे आज आपल्या जिभेवर सहज बसली आहेत. या सर्व कोशांत एक शहाणपण समान आहे. त्यांनी कचेऱ्यांना, हुद्द्यांना आणि कागदांना नावे दिली. कारकुनाला लिपिक म्हणा, कलेक्टरला जिल्हाधिकारी म्हणा. खुर्ची सरकारची आहे, तिचे नाव सरकारने ठरवावे. खुर्चीसमोर अर्ज घेऊन उभा राहिलेला माणूस मात्र सरकारच्या मालकीचा नाही.

सर्वच शब्दबदल दिखाऊ असतात, असे आमचे म्हणणे नाही. ‘मूकबधिर’ हा शब्द मागे पडून ‘कर्णबधिर’ हा शब्द रूढ झाला, हा उत्तम बदल होता. ज्याला ऐकू येत नाही तो मुका असतोच असे नाही, हे सत्य त्या बदलाने नोंदवले. जुन्या शब्दात चूक होती, ती दुरुस्त झाली. नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला आपल्या योजनांच्या पात्रतेच्या यादीत ‘परित्यक्ता’ म्हणतात. म्हणजे नोंद होते ती टाकणाऱ्याच्या कृतीची, आणि ती चिकटते टाकलेल्या बाईला. चळवळीतील स्त्रियांनी त्याऐवजी ‘एकल महिला’ हा शब्द पुढे आणला. त्यात दया नाही, अलंकार नाही; आहे ती वस्तुस्थिती. शिवाय तो त्या स्त्रियांच्या संघटनांतून आला आहे. शब्द अधिक अचूक आहे काय, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांना तो हवा आहे काय, या दोन कसोट्या त्याला लावून पाहाव्यात. तो दोन्हींना उतरतो.

‘दिव्यांग’ हा शब्द याच कसोट्यांना कितपत उतरतो? डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात तो सुचवला, पुढच्या वर्षी केंद्राच्या विभागाच्या हिंदी नावात तो शिरला आणि २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्राने दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. स्वतंत्र विभाग झाला ही चांगलीच गोष्ट. परंतु ज्याला चाकाच्या खुर्चीवरून कचेरीचा जिना चढता येत नाही, त्याच्या अंगात दिव्य ते काय? हा प्रश्न आम्ही विचारतो असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनीच तो पंतप्रधानांना पत्र लिहून विचारला होता. अनेकांनी पुढे हा शब्द आपलासा केला आहे, आणि ज्याला तो आवडतो त्याला तो म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. आमचा आक्षेप आहे तो क्रमाला. आधी शब्द ठरला, मग विचारणा झाली. जिन्याशेजारी उतार बांधायला पैसे लागतात, माणसे लागतात, देखरेख लागते. शब्द बदलायला एक परिपत्रक पुरते. म्हणूनच सरकारांना शब्द अधिक प्रिय असतात.

नात्यांच्या नावांचेही तेच. २०२३ मध्ये आमच्या मध्य प्रदेशात ‘लाडली बहना’ योजना सुरू झाली, २०२४ मध्ये महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’. गरजू स्त्रीच्या खात्यात थेट रक्कम जाते, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु ‘माझी’ म्हणजे कोणाची, हे त्या नावातच लिहिलेले आहे. नागरिक स्त्री ही राज्याच्या तिजोरीची हक्कदार आहे. तिला बहीण म्हटले की हक्काची ओवाळणी होते. भाऊ ओवाळणी कमी-जास्त करू शकतो, एखाद्या वर्षी विसरूही शकतो. हक्काचे तसे नसते. आमच्या इंदूरने २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशातील स्वच्छ शहरांत पहिले स्थान राखले. ज्यांच्या कष्टांवर हे घडले त्यांना ‘सफाई मित्र’ म्हणण्याची पद्धत आहे. मैत्री चांगली, पण कामगाराला कामगार म्हटले म्हणजे त्याच्याबरोबर वेतन, रजा आणि विमा हे शब्दही आपोआप येतात. मित्राबरोबर ते येत नाहीत.

येथे लिपीचा एक मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. इंग्रजीत मोठी आणि लहान लिपी आहे, त्यामुळे कोणाचे पहिले अक्षर मोठे काढायचे याविषयी तेथील सरकारी लेखनाच्या नियमावल्यांत पानेच्या पाने असतात. देवनागरीत हा भेदच नाही. राजा असो वा रयत, सर्वांची अक्षरे एकाच शिरोरेषेखाली, एकाच उंचीची. एवढी समतेची लिपी वारशाने मिळूनही आपल्या दप्तराला ती सोसवली नाही. मोठ्या अक्षराची उणीव आपण ‘मा.’ या अक्षराने भरून काढली. ‘मा. मंत्री महोदय’, ‘मा. आयुक्त साहेब’, ‘मा. सभापती महोदया’. एका पानाच्या परिपत्रकात दहा-दहा वेळा ही अक्षरे डोके वर काढतात, आणि त्याच पानावर नागरिक येतो तो ‘सदर अर्जदार’, ‘सदर इसम’, ‘लाभार्थी’ म्हणून. ‘लाभार्थी’ या शब्दात तर मागणाऱ्याचा पसरलेला हातच दिसतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी आपल्या पदामागे ‘महामहिम’ लावण्याची प्रथा देशांतर्गत व्यवहारात बंद करवली. देशाच्या पहिल्या नागरिकाला जे नकोसे झाले, ते तालुक्याच्या खुर्चीला अजून हवेसे वाटावे, याला काय म्हणावे? सर्वसमावेशक भाषा हवी असेल तर आरंभ येथून व्हावा. एक तर अर्जदारालाही ‘मा.’ लावा, नाही तर कोणालाच लावू नका.

स्त्रियांच्या उल्लेखाविषयीही आपण भलत्याच ठिकाणी श्रम करतो. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा ‘पती’ या अक्षरांवरून किती शाई खर्च झाली! वस्तुतः मराठीला तेथे अडचणच नव्हती. ‘राष्ट्रपती म्हणाल्या’ या दोन शब्दांत पद आले, स्त्रीत्व आले आणि आदरही आला. मराठी क्रियापद हे ओझे आनंदाने वाहते, म्हणून पदनामाला शेपूट जोडण्याची गरज नाही. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनात कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या. संमेलनाच्या इतिहासातील त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. २००१ मध्ये आमच्या इंदूरच्या संमेलनात विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. ‘अध्यक्षा’ न म्हटल्याने त्यांचे काही उणे झाले नाही.

खरी अडचण आहे ती प्रथमपुरुषी क्रियापदात, आणि तिकडे कोणी पाहत नाही. शपथपत्रे, हमीपत्रे, करारनामे यांचे छापील नमुने काढून पाहावेत. ‘मी प्रतिज्ञापूर्वक सांगतो की’, ‘मी लिहून देतो की’. अर्ज करणारी स्त्री असली तर तिने तो ‘तो’ खोडून ‘ते’ करायचे. सुधारलेल्या नमुन्यात ‘सांगतो/सांगते’ असा तिरका दंड मध्ये घालायचा. आणि जी व्यक्ती स्वतःला दोहोंपैकी कशातच धरीत नाही, तिने त्या दंडावर बसायचे काय? तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय एप्रिल २०१४ चा आहे. अर्जातील लिंगाच्या रकान्यात त्यानंतर तिसरा चौकोन येऊ लागला, परंतु खालचे क्रियापद पुरुषीच राहिले. यावर उपाय शोधायला समिती नको. ‘मी प्रतिज्ञापूर्वक सांगत आहे’, ‘मी लिहून देत आहे’ असे लिहावे. मराठीत ‘सांगत आहे’ याला लिंग नाही. एक पैसा खर्च न होता, एकही नवा शब्द न घडवता, सर्व नमुने सर्वांचे होतील. शब्द घडवण्याआधी आपल्या भाषेचे व्याकरण नीट पाहिले असते, तर हे दिसले असते.

रकाना बदलण्याचे एक चांगले उदाहरण नोंदवणे न्याय्य होईल. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावाची शासकीय नोंद बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने व्हावी. येथे आईला कोणतेही विशेषण दिले नाही. तिला रकाना दिला. हा खरा सन्मान. मात्र त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या नावानंतर पतीचे नाव लिहिण्याची पद्धत कायम ठेवली गेली. मुलाच्या नावात आईला जागा मिळाली, तिच्या स्वतःच्या नावात तिच्या आईला ती अजून मिळायची आहे.

आता आमच्या दाराशी येतो. होळकर घराण्यातील स्त्रियांच्या नावांनी वसलेल्या वस्त्यांपैकी आमचे स्नेहलतागंज एक. या शहराचा कारभार एके काळी मोडी मराठीत चालला. मोडीला ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नव्हती. ‘इ’ आणि ‘उ’ एकेकच पुरत. परंतु मोडीत ‘ळ’ होता. आज येथील मतदारयाद्या, शिधापत्रिका आणि दाखले हिंदीत निघतात, आणि हिंदीच्या लेखनात ‘ळ’ला जागा नसल्याने आमच्यातले काळे ‘काले’ होतात, गोळे ‘गोले’ होतात आणि मुळ्यांची ‘मुले’ होतात. गंमत म्हणून हे ठीक आहे. परंतु वडिलांच्या कागदावर एक अक्षर, मुलाच्या कागदावर दुसरे, आणि वारसाहक्काच्या वेळी दोघे बापलेक असल्याचे शपथपत्र, असा प्रसंग ज्या घरावर येतो त्या घराला त्यातली गंमत कळत नाही. ज्या देवी अहिल्याबाईंच्या नावाने येथील विमानतळ आणि विश्वविद्यालय ओळखले जाते, त्यांच्या आडनावाचीही तीच गत. होळ गावचे म्हणून ते होळकर. ‘होलकर’ लिहिले की ‘ळ’ गेला आणि त्याबरोबर नीरेकाठचे गावही गेले.

यंत्राला दोष देण्याची सोय आता उरलेली नाही. ‘ळ’ युनिकोडच्या देवनागरीत आरंभापासून आहे. सरकारी संगणकांवरील इन्स्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीने ‘ल’ उमटतो, तीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ळ’ उमटतो. हिंदी भाषेत हे अक्षर नाही, हा युक्तिवादही लंगडा आहे. फारसी-अरबी नावांसाठी हिंदीने ‘ज़’ आणि ‘फ़’ यांखाली नुक्ते स्वीकारलेच ना? ज्या भाषेने एका शेजाऱ्यासाठी टिंब दिले, तिला दुसऱ्या शेजाऱ्यासाठी एक अक्षर जड होऊ नये.

यावर आमचे हिंदी भाषक मित्र विचारतील, तुम्ही ‘भोपाल’चे ‘भोपाळ’ आणि ‘ग्वालियर’चे ‘ग्वाल्हेर’ करता ते कसे? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, शहर हे अनेक भाषांचे घर असते आणि प्रत्येक भाषेत त्याला आपले नाव असू शकते. २०१७ साली येथील महानगरपालिकेत एका नगरसेवकाने शहराचे अधिकृत नाव ‘इंदूर’ करावे, अशी मागणी केली होती. आम्ही जन्मभर ‘इंदूर’च म्हणत आलो, पुढेही म्हणू, परंतु ज्यांच्या तोंडी ‘इंदौर’ आहे त्यांच्या पाटीवर आमचा उच्चार कोरावा, असा हट्ट आम्ही धरणार नाही. माणसाचे नाव मात्र एकट्याचे असते. त्याचे दुसऱ्या भाषेत रूपांतर होत नाही. ते फक्त बरोबर किंवा चूक लिहिले जाते.

हाच न्याय महाराष्ट्रालाही लावला पाहिजे, नाही तर आमची तक्रार निव्वळ स्वार्थाची ठरेल. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. २००९ मध्ये लिपी आणि वर्णमालेविषयी शासन निर्णय निघाला, २०२२ मध्ये तो अद्ययावत झाला. पाकळीयुक्त ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ यांचा विचारही त्यात आला. हे सर्व आवश्यक होते. सामान्य शब्दांना एक शिस्त हवीच, एरवी कोश आणि पाठ्यपुस्तके चालणार नाहीत. परंतु जी व्यवस्था ‘श’च्या शेंडीची एवढी काळजी घेते, तिने मुंबईतील उर्दू भाषकाच्या, सोलापुरातील तेलुगू वा कन्नड भाषकाच्या, गडचिरोलीतील माडिया गोंडाच्या नावाचा उच्चार त्यालाच विचारून लिहावा, असाही नियम करावा. यास्मिन शेख यांच्यासारख्या विदुषीने मराठी लेखनाची मार्गदर्शिका सिद्ध केली. मराठीला शिस्त लावणारी व्यक्ती कोणत्या नावाची असू शकते, याचा हा पुरावा आहे. तशा प्रत्येक नावाला मराठी दप्तरात बिनचूक जागा मिळणे, हे मराठीचे कर्तव्य आहे.

शेवटी आमच्यासारख्या संस्थांविषयी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा बृहन्महाराष्ट्रातील सर्व मंडळांनी सत्कार-समारंभ केले. त्या उत्साहाचा थोडा भाग खालच्या कामाला द्यावा. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणाही व्यक्तीला गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. त्याचा आधार घेऊन येथील मराठी संस्थांनी ‘ळ’साठी एक मराठी निवेदन द्यावे, त्याला ज्यांची नावे बदलली गेली त्या कुटुंबांच्या जुन्या-नव्या कागदांच्या प्रती जोडाव्यात, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. त्याचबरोबर स्वतःच्या घरापासूनही आरंभ करावा. आपल्या निमंत्रणपत्रिकांवरील ‘मा.’ कमी करावेत, सभासदांच्या यादीतील स्त्रियांची नावे ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ अशी वेगळी न काढता त्यांनी स्वतः लिहून दिली तशी छापावीत. सरकारकडून जे मागायचे, ते आधी आपल्या कार्यवृत्तात दिसू द्यावे.